मोटारीतली पाटी

हुबळीहून धारवाडास जाणारा रस्ता आपणांपैकी बहुतेकांच्या परिचयाचा आहे. उणकल तलाव मागे पडला, नवलूर आले, की वडीलधारी माणसे पेरूंच्या बागांच्या आठवणी काढू लागतात. २०१८ सालापासून या रस्त्याच्या मध्यभागी ‘चिगरी’ बसगाड्यांची स्वतंत्र वाट झाली आहे. याच रस्त्याने एका रविवारी मिस्साहून परतताना माझ्या एका माजी विद्यार्थ्याने मला आपल्या मोटारीत बसवून घेतले. मोटार जुनी, दुसऱ्या हाताने घेतलेली. पण जेथे पूर्वी कॅसेट वाजवण्याचे यंत्र होते, तेथे सात इंची काच बसवलेली होती. तिला बोटाने स्पर्श करताच नकाशा उमटला, गाणे लागले, आणि गाडी मागे घेताना पाठीमागचा रस्ताही दिसू लागला. काचेच्या मागे पत्त्याच्या पानाएवढा एक संगणक होता. हे सारे त्याने स्वतःच्या हातांनी, अगदी थोडक्या खर्चात जुळवले होते. त्या लहानशा यंत्राच्या घराण्याचा इतिहास आज आपणांस सांगावा, असा माझा मानस आहे.

मोटारीत यंत्र बसवण्याची हौस नवी नव्हे. अमेरिकेत १९३० साली पॉल गॅल्विन यांच्या कारखान्याने मोटारीत बसवता येईल असा रेडिओ बाजारात आणला आणि त्याला ‘मोटोरोला’ हे नाव दिले. त्या काळी तो बसवणे म्हणजे मोठाच खटाटोप असे. तारा ओढायच्या, छतात एरियल दडवायची, बॅटरीची सोय करायची, आणि इंजिनाच्या ठिणग्यांची खरखर बंद करायची. रेडिओमुळे चालकाचे लक्ष विचलित होईल, म्हणून त्यावर बंदी घालावी, अशाही सूचना तेथे काही ठिकाणी पुढे आल्या. आपल्याकडे तर १९३३ च्या कायद्यानंतर रेडिओ बाळगण्यास परवाना लागे, आणि त्यासाठी लोक टपाल कचेरीच्या खिडकीशी उभे राहत. ऐंशीच्या दशकात ती कटकट संपली.

स्पर्शाने चालणाऱ्या पडद्याचा उगम मात्र मोटारीत नाही, विमानांच्या नियंत्रणात आहे. इंग्लंडात माल्व्हर्न येथील रडार संशोधनसंस्थेत ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ साली अशा पडद्याची कल्पना मांडली. विमान-नियंत्रकाने कळा दाबत बसण्याऐवजी पडद्यावरील नावालाच बोट लावावे, हा त्यांचा हेतू. पुढे १९८६ साली अमेरिकेतील ब्यूइक कंपनीने आपल्या ‘रिव्हिएरा’ मोटारीत तसा पडदा बसवला. ती श्रीमंतांची गाडी होती. सामान्य माणसाच्या हाती तो पडदा येण्यास आणखी बरीच वर्षे जायची होती.

आता संगणक स्वस्त कसा झाला ते पाहू. या कथेचा आरंभ, मौज अशी की, एका नभोवाणी संस्थेपासून होतो. ब्रिटनच्या बीबीसीने लोकांस संगणक शिकवण्याचे ठरवले आणि १९८१ साली केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीकडून शाळांसाठी एक संगणक करवून घेतला. हाच ‘बीबीसी मायक्रो’ १९८४-८५ साली आपल्या सरकारच्या ‘क्लास’ योजनेतून भारतातील शाळांतही आला. त्याच एकॉर्न कंपनीने १९८५ साली ‘एआरएम’ नावाचा प्रक्रियक, म्हणजे संगणकाचा मेंदू, घडवला. तो थोड्या विजेवर चाले. ही गोष्ट तेव्हा क्षुल्लक वाटली असेल, परंतु खिशात आणि मोटारीत मावणाऱ्या यंत्रांचे पुढचे सारे युग त्या काटकसरीवर उभे राहिले.

याच घराण्याचा प्रक्रियक घेऊन आपल्या कर्नाटकात एक मोठे धाडस झाले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील स्वामी मनोहर, विजय चंद्रू, रमेश हरिहरन आणि व्ही. विनय हे प्राध्यापक आणि एन्कोर या कंपनीचे विनय देशपांडे आदी तंत्रज्ञ एकत्र आले. त्यांनी २००१ साली ‘सिम्प्युटर’ जगापुढे ठेवला. हातात मावणारी, लेखणीच्या स्पर्शाने चालणारी ती जणू पाटीच होती. ज्याला वाचता येत नाही त्यालाही तिचा उपयोग व्हावा म्हणून ती भारतीय भाषांतून बोलून दाखवी. एकाच पाटीवर गावातील अनेकांनी आपापले कार्ड घालून काम करावे, अशी योजना होती. तिची रचनाही गुप्त न ठेवता अभ्यासकांस खुली करण्यात आली. कर्नाटक सरकारने भूमिअभिलेखांच्या कामी ती वापरून पाहिली. गोव्यात खाणीपासून बंदरापर्यंत जाणाऱ्या लोहखनिजाची नोंद तिच्यावर ठेवण्याचा प्रयोग झाला. आणि मुंबईत महिंद्र कंपनीने मोटारीच्या इंजिनातील दोष शोधण्यासाठी तिचा प्रयोग केला. म्हणजे स्वस्त संगणक आणि मोटार यांची गाठ आपल्याकडे तेव्हाच पडली होती!

तथापि सिम्प्युटर घरोघर पोहोचला नाही. २००४ साली भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या साहाय्याने तो विक्रीस आला तेव्हा किंमत सुमारे दहा हजार रुपयांपासून पुढे होती, आणि खप काही हजारांपलीकडे गेला नाही. खप नाही म्हणून किंमत उतरत नाही, आणि किंमत उतरत नाही म्हणून खप नाही, अशा फेऱ्यात तो सापडला. तोवर भ्रमणध्वनीने बाजार काबीज केला. यास कोणी अपयश म्हणोत. मला मात्र ती वेळेआधी पेरलेली पेरणी वाटते.

पुढे केंब्रिजमध्ये एबेन अप्टन यांस आढळले, की संगणकशास्त्र शिकावयास येणाऱ्या मुलांनी पूर्वीसारखा यंत्रांशी खेळ केलेला नसतो. यंत्रे पेटीत बंद झाली होती, उघडून पाहण्याची सोय उरली नव्हती. म्हणून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २९ फेब्रुवारी २०१२ रोजी ‘रास्पबेरी पाय’ हा पेटीवाचूनचा, उघडावाघडा संगणक विक्रीस आणला. त्याची किंमत ३५ डॉलर होती. तो मुलांसाठी केलेला होता, मोटारींसाठी नव्हे. परंतु शिकण्यासाठी केलेली वस्तू कोठे जाऊन पोहोचेल ते कोणी सांगावे? माझ्या विद्यार्थ्याच्या मोटारीत होता तो हाच.

त्याने मला आपली अडचणही सांगितली. “सर, गाडी बंद केली की हा मरतोय बघा.” कारण असे, की मोटारीची बॅटरी बारा व्होल्टची आणि या संगणकास हवे पाच व्होल्ट. इंजिन सुरू होताना बॅटरीचा दाब क्षणभर खाली येतो आणि संगणक दचकून बंद पडतो. चावी फिरवून वीज एकाएकी तोडली, तर संगणकाचे स्मृतिपत्र लिहिता लिहिताच अर्धवट राहते आणि बिघडते. अशी दोन स्मृतिपत्रे त्याने गमावली. मग त्याने एक लहानसे मंडल जोडले. चावी काढताच ते संगणकास आवराआवर करण्याची सूचना देते, आणि अर्ध्या मिनिटानंतरच वीज तोडते. हे सांगताना त्याचा चेहरा उजळला होता.

श्रोतेहो, येथे मला एक कबुली दिली पाहिजे. हा मुलगा दहावीत गणितात नापास झाला तेव्हा, ‘विज्ञानाचा नाद सोड’ असे मीच त्याला सांगितले होते. तो गोकुळ रोडवरील एका गॅरेजात कामास लागला. व्होल्ट आणि अँपिअर यांच्या व्याख्या मी त्याला फळ्यावर शिकवल्या होत्या, पण त्याला त्या तेव्हा कळल्या नाहीत. कळल्या त्या हातात तार आल्यावर, दोन स्मृतिपत्रे जळाल्यावर. चूक त्याच्या बुद्धीची नव्हती. आम्ही त्याच्यापुढे उघडे यंत्र ठेवले नव्हते, एवढेच.

एक धोक्याची सूचना मात्र दिलीच पाहिजे. रेडिओसाठी कान पुरत होते, पडदा डोळे मागतो. युरोपातील मोटार-सुरक्षेची परीक्षा घेणारी संस्था २०२६ पासूनच्या नियमांत दिवे दाखवणे, काच पुसणे, भोंगा वाजवणे अशा कामांसाठी पडद्याखेरीज खरीखुरी कळ आहे का, हेही पाहू लागली आहे. हाताला न पाहता सापडणारी कळ अजून निरुपयोगी झालेली नाही. माझ्या विद्यार्थ्याने तर गाडी चालू असताना पडद्याला हात लावायचा नाही, असा नियमच करून घेतला आहे.

धारवाड जवळ आले तेव्हा मी त्याला म्हटले, “बाळा, एकदा शाळेत येऊन मुलांना हे उघडून दाखव.” तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, “सर, नापास झालेल्यांनाही बसू द्याल ना?”

मी होकार दिला. पुढच्या शनिवारी पहिल्या बाकावर तीच मुले बसली होती.