बुडी आणि बुडणे : पाणबुडीच्या खोलीचा इतिहास



आयुष्यभर भाषा शिकवलेल्या माणसाने पाणबुडीवर बोलावे, याचे आपल्याला नवल वाटणे साहजिक आहे. या विषयाकडे मला एका शब्दाने नेले. ‘बुडी’ आणि ‘बुडणे’ ही एकाच कुळातली रूपे. पण बुडी मारणारा वर येतो, बुडणारा येत नाही. पाणबुडीचा इतिहास हा या दोन शब्दांमधल्या अंतराचा इतिहास आहे. ती किती खोल जाते, हे आपण कौतुकाने विचारतो. त्या खोलीवरून माणसे परत कशी आणायची, हा प्रश्न मात्र बहुतेक वेळा अपघातानेच पुढे आणला.

प्रथम खोलीचा हिशेब पाहू. समुद्रात दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. १,००० मीटरवर सांगाड्याच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे एक हजार टन भार येतो. पत्रा जाड करावा तर बोट जड होऊन वर येईनाशी होते. पातळ ठेवावा तर चेपते. म्हणून प्रत्येक पाणबुडीला दोन खोल्या असतात : एक, जिथवर तिला चाचणीत नेऊन पाहिलेले असते, दुसरी त्याखालची, जिथे सांगाडा टिकत नाही. दुसरी खोली कोणी मुद्दाम मोजायला जात नाही.

अमेरिकेच्या ‘थ्रेशर’ या अणुपाणबुडीची चाचणी-खोली सुमारे ४०० मीटर होती. १० एप्रिल १९६३ रोजी अटलांटिकमध्ये खोल बुडीची चाचणी घेताना ती १२९ माणसांसह नाहीशी झाली. चौकशीतून जे चित्र सर्वाधिक संभाव्य मानले गेले, ते एखाद्या गृहिणीलाही समजावे असे आहे. समुद्राचे पाणी वाहणाऱ्या नळीचा झाळलेला सांधा गळला, विजेची यंत्रणा बिघडली, अणुभट्टी बंद पडली. वर येण्यासाठी टाक्यांत उच्च दाबाची हवा सोडली, तर हवेतल्या दमटपणाचे बर्फ होऊन मार्गातल्या जाळ्याच तुंबल्या. एवढी प्रचंड विद्या, आणि घात केला तो सांध्याने व बर्फाने! त्यानंतर अमेरिकेने पाणबुडीच्या प्रत्येक महत्त्वाच्या सांध्याची तपासणी व नोंद सक्तीची करणारी ‘सबसेफ’ पद्धत आणली. १९६८ मध्ये ‘स्कॉर्पियन’ गेली, पण तिला ते प्रमाणपत्र मिळालेले नव्हते. प्रमाणपत्र मिळालेली एकही बोट आजवर बुडालेली नाही. कारकुनीला आपण नावे ठेवतो. इथे कारकुनीने माणसे वाचवली.

आता सर्वांत खोल गेलेल्या लढाऊ पाणबुडीकडे येतो. सोव्हिएत संघाने सेवेरोद्विन्स्क येथे के-२७८ ही बोट बांधली. तिचे आतले कवच टायटॅनियमचे होते. हा धातू पोलादापेक्षा बराच हलका आणि तरीही बळकट. पण त्याचे वेल्डिंग हवेपासून जपून, निष्क्रिय वायूच्या आवरणात करावे लागते. ४ ऑगस्ट १९८४ रोजी ही बोट १,०२० मीटर खोल गेली आणि सुखरूप वर आली. तिच्या वरच्या मनोऱ्यात माणसांना घेऊन वर सुटणारी एक कुपीही बसवलेली होती. पुढे तिला ‘कोम्सोमोलेत्स’ हे नाव मिळाले.

७ एप्रिल १९८९ रोजी नॉर्वेच्या समुद्रात, आपल्या विक्रमाच्या निम्म्याहूनही कमी खोलीवर असताना, तिच्या शेवटच्या कप्प्यात आग लागली. उच्च दाबाच्या हवेची नळी फुटली आणि त्या हवेने आग भडकली. कप्तान वानिन यांनी बोट पृष्ठभागावर आणली. ती काही तास तरंगत राहिली, मग मागच्या बाजूने बुडाली. आगीने आणि धुराने काही जण गेले. पण बहुतेकांचा जीव बर्फाळ पाण्यातल्या गारठ्याने घेतला. मदतीचे मच्छीमार जहाज तासाहून अधिक वेळाने पोहोचले. बोटीबरोबर खाली गेलेले पाच जण कुपीत होते. ती सुटून वर आली, पण त्यांतला एकच वाचला. ६९ पैकी ४२ माणसे गेली, त्यांत वानिनही होते.

दोष रचनेचा की खलाशांच्या तयारीचा, यावर रशियात पुढे वर्षानुवर्षे वाद झाला. त्यात पडण्याचा मला अधिकार नाही. मात्र एक गोष्ट डोळ्यांआड करता येत नाही : ज्या खोलीसाठी एवढा खटाटोप केला, तिने बहुतेकांना मारले नाही. बहुतेक माणसे मेली ती पाण्याच्या पृष्ठभागावर, उघड्या आकाशाखाली. बोट आज सुमारे १,६८० मीटरवर आहे. अणुभट्टी आणि दोन अण्वस्त्रधारी टॉर्पेडो तिच्यासोबत आहेत. २०१९ मध्ये नॉर्वेच्या संशोधकांना तिच्या एका नळीतून किरणोत्सारी सीझियम बाहेर येताना आढळले.

याउलट १९३९ ची ‘स्क्वालस’ पाहा. ती जेमतेम ७४ मीटरवर बुडाली. २६ जण गेले, पण दोराने खाली सोडलेल्या घंटेसारख्या कक्षातून ३३ जण जिवंत वर आले. खोली बेताची होती आणि साधन तयार होते.

हा विषय आपल्या किनाऱ्याशीही जोडलेला आहे. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली आणि १९९२ मध्ये नौदलात दाखल झालेली ‘शाल्की’ ही भारतात तयार झालेली पहिली पाणबुडी. मूळ आराखडा जर्मन; त्यात साऱ्या खलाशांना घेऊन वर येऊ शकणारा एक गोल बसवलेला आहे. याच जर्मन घराण्यातली इंडोनेशियाची ‘नांगाला’ २१ एप्रिल २०२१ रोजी बाली बेटाच्या उत्तरेस ५३ जणांसह बेपत्ता झाली. २०१८ पासून भारताजवळ खोल पाण्यातून सुटका करणारे यान होते. ते ६५० मीटरपर्यंत उतरू शकते. दुसऱ्याच दिवशी, २२ एप्रिलला, ते घेऊन आपले जहाज विशाखापट्टणमहून निघाले. २५ तारखेला ‘नांगाला’चे तीन तुकडे सापडले, ८३८ मीटरवर.