कानातली नागीण आणि डॉ. हंट यांचा हिशेब

नागिणीचं तोंड शेपटीला भिडलं की माणूस दगावतो, हा आपल्याकडचा जुना समज. खरं तर ती बहुधा शरीराच्या एकाच बाजूला, एखाद्या मज्जातंतूच्या हद्दीत उठते. 1900 साली हेन्री हेड आणि ए. डब्ल्यू. कँपबेल यांनी शवविच्छेदनांतून दाखवलं, की रोगाचं मूळ कण्यालगतच्या चेतापेशींच्या गाठींत असतं. त्वचेचा एक पट्टा, एक गाठ असा हिशेब बसला. 1907 मध्ये न्यूयॉर्कचे मज्जाविकारतज्ज्ञ जेम्स रॅमसे हंट यांनी तोच कानाला लावला. कानात पुटकुळ्या आणि त्याच बाजूचा चेहरा लुळा, म्हणजे दोष चेहरा हलवणाऱ्या सातव्या मज्जातंतूवरच्या जेनिक्युलेट गाठीत. रोगाला पुढे त्यांचंच नाव मिळालं. मात्र या हिशेबात न बसणारा पुरावा त्यांच्याच रुग्णांत होता, तो म्हणजे अचानक आलेला बहिरेपणा.

आवाज मेंदूकडे नेणं हे सातव्या मज्जातंतूचं काम नव्हे, ते आठव्याचं. शरीराचा तोलही तोच सांभाळतो. हंट यांनी बहिरेपणाची गणना गुंतागुंतीत केली आणि कारण म्हणून शेजार दाखवला. हे दोन्ही मज्जातंतू हाडातल्या जेमतेम सेंटिमीटरभराच्या बोगद्यातून एकत्र जातात, तेव्हा एकाचा दाह दुसऱ्याला बाधणारच. पटण्यासारखं आहे, पण त्यामुळे मूळ रोग एका गाठीचाच राहिला. 1944 मध्ये डेनी-ब्राउन, अ‍ॅडम्स आणि फिट्झगेराल्ड यांनी अशाच एका रुग्णाचं शवविच्छेदन केलं, तर जेनिक्युलेट गाठीत फारसं काही सापडलं नाही. सातवा मज्जातंतू मात्र सुजलेला होता. 1967 मध्ये ब्लॅकली, फ्रीडमान आणि राइट यांना सातव्याबरोबर आठव्यातही दाहाच्या खुणा दिसल्या. ज्या कानाला आडवाटेची गोष्ट ठरवलं गेलं होतं, तोच रोगाच्या विस्ताराचा खरा साक्षीदार निघाला.

यावर कोणी म्हणेल, हा हंट यांच्यावर अन्याय आहे. 1997 मध्ये जतन केलेल्या कानाच्या हाडांत, जेनिक्युलेट गाठीतच, नागिणीच्या विषाणूचा डीएनए मिळाला. आक्षेप रास्त आहे. गाठ त्यांनी बरोबर ओळखली होती, आणि विषाणूची ओळख पटण्याआधी, हे विशेष. चूक झाली ती गाठ एकटीच पुरेशी मानण्यात. 1965 मध्ये सायरेन्सेस्टरचे डॉक्टर होप-सिंप्सन यांनी मांडलं, की लहानपणच्या कांजिण्यांचा विषाणू गाठींत दबा धरून असतो आणि प्रतिकारशक्ती खालावली की नागीण होऊन उठतो. दबा अनेक गाठींत असेल, तर सातव्यासोबत आठवा सापडण्यात नवल काय? शिवाय वाकडा चेहरा आरशात दिसतो, एका बाजूचा बहिरेपणा घरच्यांच्याही लक्षात येत नाही, त्यामुळे निदानात चेहऱ्याचं पारडं जड राहिलं. काही रुग्णांत तर पुटकुळ्या बहिरेपणानंतर उठतात किंवा उठतच नाहीत, आणि हंट यांचा सगळा तर्क सुरू होतो तो पुटकुळीपासून.