तळटीप १७ : प्रवरेकाठची हत्यारे आणि ‘उत्पत्ती’

१७. नेवाशाची दगडी हत्यारे आणि हरेगावची मतमाउलीची (मरियामातेची) यात्रा यांचा उल्लेख लेखकाने इथे एकत्र केला आहे. तो विसंगत नाही. पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांनी १९५४पासून नेवाशात आणि गुद्रुन कोर्विनुस यांनी १९६०च्या दशकात जवळच्या चिरकीत केलेल्या उत्खननांत अश्मयुगीन हत्यारे मिळाली. त्यांतल्या हातकुऱ्हाडी लाखो वर्षांपूर्वीच्या आहेत. मग बायबलच्या ‘उत्पत्ती’ या ग्रंथातल्या सहा दिवसांच्या सृष्टिकथेचे काय, हा प्रश्न याच खोऱ्यातल्या कॅथलिक वाचकाला पडणे स्वाभाविक आहे.

बायबलचा अर्थ लावताना त्या-त्या ग्रंथाचा लेखनप्रकार ध्यानात घ्यावा, असे पोप बारावे पायस यांनी १९४३मध्ये सांगितले. १९५०च्या ‘ह्युमानी जेनेरिस’ या परिपत्रकात त्यांनी मानवी देहाच्या उत्क्रांतीवर अभ्यास आणि चर्चा करण्यास मोकळीक दिली. आत्मा मात्र थेट परमेश्वर निर्माण करतो, ही शिकवण कायम ठेवली. पुढे १९९६मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी उत्क्रांती ही निव्वळ गृहीतक उरलेली नाही, हे मान्य केले.

या भूमिकेचा पाया तेराव्या शतकातल्या थॉमस अक्वायनसच्या विचारात आहे : परमेश्वर हे आदिकारण, निसर्गाचे नियम ही त्याच्या आधाराने चालणारी दुय्यम कारणे. बाजरी आपल्या गुणाने रुजते, तरी शेतकरी पिकासाठी देवाचे आभार मानतो. त्यात खोटे काहीच नाही. म्हणून श्रद्धावंताने हातकुऱ्हाडीचे वय निःशंक मनाने स्वीकारावे. – संपा.