वर्ध्याचे अप-डाऊन

विदर्भात घर एका गावी आणि नोकरी दुसऱ्या गावी असली, की रोजच्या जाण्यायेण्याला ‘अप-डाऊन’ म्हणतात. शब्द रेल्वेच्या परिभाषेतला असला, तरी वर्धा जिल्ह्यात त्याचा अलीकडचा इतिहास मुख्यतः लहान दुचाकीचा आहे, आणि तो समजण्यासाठी आधी येथील वस्तीची ठेवण पाहावी लागते. १८६२ मध्ये जिल्हा नागपूरपासून वेगळा झाला आणि पालकवाडी या खेड्याच्या जागी १८६६ मध्ये वर्धा शहर आखून वसवले गेले. म्हणजे कचेऱ्यांच्या निमित्ताने बाहेरून आलेल्यांचेच हे गाव. पुढच्या मोठ्या संस्था मात्र शहराबाहेर उभ्या राहिल्या. १९३६ मध्ये गांधीजी सुमारे आठ किलोमीटरवरच्या शेगावात, म्हणजे नंतरच्या सेवाग्रामात, राहायला गेले. तेथेच १९६९ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि १९९० मध्ये सावंगी (मेघे) येथे दुसरे आले. त्यामुळे वस्ती आणि काम यांच्यात अंतर पडू लागले.

त्याहून मोठा फरक १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा स्थापन झाल्या तेव्हापासून पडत गेला. शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्यसेविका यांच्या बदलीच्या नोकऱ्या खेडोपाडी पसरल्या. नेमणुकीच्या गावाला सरकारी भाषेत ‘मुख्यालय’ म्हणतात आणि कर्मचाऱ्याने तेथेच राहावे असा दंडक असतो. परंतु मुलांची शाळा आणि जोडीदाराची नोकरी शहरात असली, की बिऱ्हाड वर्ध्याला, हिंगणघाटला किंवा आर्वीला थाटले जाई आणि दोन गावांमधले अंतर सायकलीने किंवा एस.टी.च्या मोजक्या फेऱ्यांवर विसंबून कापावे लागे.

या अंतरावर उपाय ठरलेल्या वाहनाचे एक मूळ वर्ध्यातच होते. उद्योगपती जमनालाल बजाज यांना दत्तक घेणारे घराणे वर्ध्याचे व्यापारी बच्छराज यांचे. त्यांच्याच नावाने १९४५ मध्ये निघालेल्या बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशनने १९४८ पासून इटलीची व्हेस्पा स्कूटर आयात केली, १९५९ मध्ये उत्पादनाचा परवाना मिळवला आणि पुढे बजाज ऑटो या नावाने पुण्याजवळच्या आकुर्डीत कारखाना चालवला. इटालियन कंपनीशी असलेला करार १९७१ मध्ये संपल्यावर १९७२ मध्ये ‘चेतक’ आली. पण कारखान्याने किती गाड्या काढाव्यात यावर सरकारी परवान्याचे बंधन असल्यामुळे नोंदणी करून वर्षानुवर्षे थांबावे लागे, आणि जुनी गाडी नव्या गाडीच्या किमतीहून महाग विकली जाई. नव्या गावी नुकत्याच रुजू झालेल्या माणसाला हा प्रतीक्षेचा काळ परवडणारा नव्हता, कारण गाडी हाती येईपर्यंत त्याची पुढची बदली होऊन जाण्याचा संभव असे.

म्हणूनच अप-डाऊनच्या इतिहासात चेतकहून ‘लुना’ अधिक महत्त्वाची मानावी लागते. कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ मध्ये बाजारात आणलेली ही पन्नास सी.सी.ची मोपेड होती. मोपेड म्हणजे इंजिनाबरोबर पायडलही असलेली दुचाकी. पेट्रोल संपले तर ती पायडल मारून घरापर्यंत आणता येई, आणि पंप तालुक्याच्या गावीच असण्याच्या काळात ही लहानसान गोष्ट नव्हती. तिला गिअर नव्हते, पुढे पाय ठेवायला मोकळी जागा होती. त्यामुळे साडी नेसणाऱ्या शिक्षिकेला आणि परिचारिकेला ती बिनधास्त चालवता आली. चेतकचे गिअर डाव्या मुठीने बदलावे लागत आणि ती वजनानेही जड होती. १९८४ मध्ये बटणाने सुरू होणारी कायनेटिक होंडा आली, नव्वदीत स्कूटी आली. पण एकट्या बाईने कोणाच्या मागे न बसता, बसची वाट न पाहता दुसऱ्या गावी कामाला जाणे ही सवय लुनाने आधीच लावलेली होती. या जिल्ह्यातील स्त्रियांच्या नोकरीचा इतिहास लिहिताना वेतनश्रेणींइतकीच या पन्नास सी.सी.ची दखल घ्यायला हवी.

कार्यकर्त्याने खेड्यातच राहून खेड्याचे काम करावे, हा गांधीजींचा आग्रह आणि मुख्यालयी राहण्याचा सरकारी दंडक यांची अपेक्षा एकच आहे, जरी पहिली स्वेच्छेची असली आणि दुसरी हुकमाची. दुचाकीने सेवा आणि निवास यांची फारकत केली; शाळा सुटल्यावर गुरुजींच्या घरी जाऊन बसण्याची गावकऱ्यांची वाट त्यामुळे बंद झाली, हे खरेच नुकसान आहे. पण दुचाकी नसती तर कित्येक कुटुंबांना दोन बिऱ्हाडे करावी लागली असती, किंवा घरातील बाईची नोकरी सोडावी लागली असती. मुख्यालयी न राहणाऱ्याला घरभाडे भत्ता द्यावा की नाही, यावरून शिक्षक संघटना आणि प्रशासन यांच्यातील वाद आजही चालू आहे.