हास्यास्पद : अर्थ आणि वापर

‘हास्यास्पद’ हे विशेषण ‘हास्य’ आणि ‘आस्पद’ या दोन संस्कृत शब्दांपासून बनले आहे. ‘आस्पद’ म्हणजे स्थान, आश्रय. ‘आ’ आणि ‘पद’ यांच्यामध्ये आलेल्या सकाराची दखल पाणिनीने एका स्वतंत्र सूत्रात घेतली असून तेथे दिलेला अर्थ ‘प्रतिष्ठा’ असा आहे. मराठीत हाच शब्द हास्याला जोडला की अप्रतिष्ठा पदरी येते, ही भाषेचीच गंमत. सकार गाळून ‘हास्यापद’ लिहिणे अशुद्ध होय. लज्जास्पद, संशयास्पद, अभिमानास्पद हे शब्द याच कुळातले.

‘विनोदी’ आणि ‘हास्यास्पद’ यांची सरमिसळ वारंवार होते. जे हसवण्यासाठीच रचलेले असते ते विनोदी. जे आपल्याला गांभीर्याने घेतले जावे अशी अपेक्षा बाळगते आणि तरीही ज्याचे हसे होते, ते हास्यास्पद. पु. ल. देशपांडे यांचे लेखन विनोदी आहे. त्याला हास्यास्पद म्हणणे हा अवमान ठरेल. अभिनवगुप्ताने हास्याचे मूळ अनौचित्यात पाहिले. मराठी शब्दातही तोच भाव आहे : दावा, अट, युक्तिवाद किंवा खुलासा प्रसंगाशी विसंगत असला की तो हास्यास्पद ठरतो. बोलीत आपण ‘त्याचे हसे झाले’ म्हणतो, तेव्हा रोख माणसावर असतो; ‘त्याचा दावा हास्यास्पद आहे’ या वाक्यात तो दाव्यापुरता राहतो. वादात हा फरक सांभाळलेला बरा.

सिंगापूरच्या उत्तरेकडील यिशुन हे या शब्दाचे जवळपास शब्दशः उदाहरण. अननस आणि रबराचे व्यापारी लिम नी सून (१८७९–१९३६) यांच्या नावावरून ही वसाहत ओळखली जाते. ‘नी सून’ हा तिओच्यू उच्चार, ‘यिशुन’ हा त्याच अक्षरांचा मंदारिन उच्चार. गेली काही वर्षे समाजमाध्यमांवर यिशुन म्हणजे चमत्कारिक घटनांचे माहेरघर, अशी थट्टा चालते. जागाच हास्याचे स्थान झाली! येथे घर असलेल्या मराठी कुटुंबांनाही पत्ता सांगताना समोरच्याचे स्मित पाहावे लागते.

मात्र २०१५–१६ मध्ये येथे एकामागून एक मांजरे मारली गेली, आणि त्या घटनाही याच थट्टेच्या यादीत जाऊन बसल्या. तेथे हा शब्द लागू होत नाही. विचित्र ते सारे हास्यास्पद नसते. त्या कृत्यांसाठी मराठीत ‘अमानुष’ हा शब्द आहे.