सुरमा, बॅटरी, रंग : घरात शिसे येते कुठून?

जड धातूंचे प्रदूषण म्हटले की कारखान्याचा नाला डोळ्यांसमोर येतो. पण शिसे हा धातू नाल्यापेक्षा घरातूनच मुलांच्या पोटात जास्त जातो.

शरीराला शिशाचा काहीही उपयोग नाही. तरीही कॅल्शियमसारखे वागत असल्याने ते हाडांत जाऊन बसते आणि २०-३० वर्षे तिथेच पडून राहते. बाई गरोदर राहिली की हाडातले कॅल्शियम मोकळे होते, त्यासोबत हे जुने शिसेही रक्तात उतरते आणि बाळापर्यंत पोहोचते. तोंडावाटे गेलेले शिसे मोठ्यांपेक्षा लहान मुले चार-पाच पट जास्त शोषून घेतात. मेंदू वाढीच्या वयात असल्याने फटका तिथेच बसतो. अभ्यासात लक्ष न लागणे, चिडचिड, पोटदुखी, बद्धकोष्ठ, रक्त कमी होणे. अनेकदा तर काहीच दिसत नाही. शिशाची सुरक्षित अशी पातळी नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

आता सुरम्याबद्दल, कारण तो आपल्या घरात असतो. हदीसमध्ये 'इस्मिद'चा उल्लेख आहे. त्याचा अर्थ सामान्यतः अँटिमनीचा दगड असा घेतला जातो. बाजारात मात्र तसाच काळा, चमकणारा गॅलेना दगड सुरमा म्हणून विकला जातो. गॅलेना म्हणजे लेड सल्फाइड, वजनाने सुमारे ८६ टक्के शिसे! नुसत्या नजरेने दोन्हींतला फरक कळत नाही. बाळ डोळे चोळते, तोच हात तोंडात घालते, झाले. अमेरिकेत असा सुरमा विकायला परवानगीच नाही. डबीवर 'लेड फ्री' छापले म्हणून विश्वास ठेवू नये, लॅबच्या तपासणीशिवाय ते कळत नाही. तान्ह्या बाळाला तरी लावूच नये.

दुसरी वाट बॅटरीची. इन्व्हर्टर, रिक्षा, ट्रकच्या जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे गाळणारे कारागीर कपड्यांवरून, केसांतून ती धूळ घरी आणतात. सेनेगलमध्ये डाकारजवळच्या थियारॉय-सुर-मेर वस्तीत याच धंद्यामुळे नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ या काळात १८ लहान मुले दगावली. शिसे मिसळलेली माती लोकांनी चाळायला थेट घरी नेली होती. या कामातल्या माणसाने कामाचे कपडे बाहेरच बदलावेत, अंघोळ करूनच लेकराला उचलावे.

भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले. घरगुती रंगांत दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसे नको, हा नियम २०१७ पासून लागू आहे. त्याआधीचा रंग जुन्या दारे-खिडक्यांवर अजून आहेच. तो कोरडा घासू नये, ओला करूनच काढावा. (शिसपेन्सिलीची भीती नको, नाव तसे असले तरी आत ग्रॅफाइट असते.)

२०२० च्या युनिसेफ आणि प्युअर अर्थच्या अहवालानुसार जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसे आहे. नेहमीच्या रक्त तपासणीत हे कळत नाही, 'ब्लड लेड' वेगळी सांगावी लागते. आकडा ४५ किंवा त्यावर गेला तर मुलाला शिसे बाहेर काढणारी औषधे द्यावी लागतात, तीही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. त्याखाली असेल तर मुख्य इलाज एकच : शिसे कुठून येते ते शोधून बंद करणे, आणि सोबत लोह व कॅल्शियम असलेला आहार. पोट रिकामे असेल तर शिसे जास्त शोषले जाते, त्यामुळे मुलाला उपाशी ठेवू नये.