५ मे : मिडलंड ग्रँड हॉटेल

लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकाच्या दर्शनी भागी मिडलंड रेल्वे कंपनीने उभारलेले, तांबड्या विटांचे आणि टोकदार कमानींचे मिडलंड ग्रँड हॉटेल सन १८७३ मध्ये आजच्या दिवशी प्रवाशांस खुले झाले. त्याचे स्थापत्यविशारद सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट. आपल्या मुंबई विद्यापीठाचे दीक्षान्त सभागृह आणि राजाबाई टॉवर यांचे नकाशेही, हिंदुस्थानच्या भूमीवर पाऊल न ठेवता, याच गृहस्थांनी तयार केले, हे राजाबाईच्या घड्याळावर आपले घड्याळ लावणाऱ्या किती मुंबईकरांस ठाऊक असेल? हॉटेलात जलशक्तीवर चालणारे पाळणे, दोहोंबाजूंनी फाकत वर चढणारा भव्य जिना, असा सारा राजेशाही सरंजाम होता. परंतु सुमारे ३०० खोल्यांच्या या प्रासादात स्नानगृहे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच असल्याने, पाहुण्यांच्या स्नानाचे ऊन पाणी नोकरचाकरांना खोलोखोली वाहून न्यावे लागे. दिमाखापुढे सोयीचा विचार मागे पडला, हेच खरे. कालमानास न टिकल्याने १९३५ साली हॉटेल बंद होऊन तेथे रेल्वेची कचेरी थाटली गेली. पुढे इमारत पाडण्याचा घाट घातला गेला असता कवी जॉन बेट्जमन प्रभृतींनी हरकत घेतली आणि १९६७ मध्ये तिला सर्वोच्च श्रेणीचे कायदेशीर संरक्षण लाभले. जीर्णोद्धारानंतर ५ मे २०११ रोजी तेथे पुन्हा हॉटेलचेच समारंभपूर्वक उद्घाटन झाले.